‘तुमचा संगणक लॉक झाला आहे’ हे खोटं पान ब्राउझरमध्ये परत परत येतंय? आधी ते कुठून येतंय ते शोधा

पडद्यावर अशोकस्तंभ, त्याखाली ‘गृह मंत्रालय, भारत सरकार’, मग कायद्याची तीन-चार कलमं आणि लाल अक्षरांत धमकी: अश्लील मजकूर पाहिल्यामुळे हा संगणक बंद करण्यात आला आहे, काही तासांत दंड भरा, नाहीतर सगळ्या फायली कायमच्या कुलूपबंद होतील आणि गुन्हा दाखल होईल. दंडाचा आकडा साधारण तीस हजारांच्या आसपास. शेजारी कार्डाचा नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही भरायचे रकाने. दुसरा प्रकार निळ्या पडद्याचा: मायक्रोसॉफ्टचं चिन्ह, भोंगा, यांत्रिक आवाजात इंग्रजी बोलणारी बाई, ‘रॅन्समवेअर सापडलं आहे, संगणक बंद करू नका’ आणि खाली ठळक फोन नंबर. दोन्हींत माउसचा बाण गायब होतो आणि एस्केप दाबून काही होत नाही.

दोन्ही साधी वेबपानं आहेत. मशीनमध्ये त्यांनी काहीही कुलूपबंद केलेलं नसतं. पान बंद करायला मिनिटभर पुरतं. वेळ जातो तो बंद केलेलं पान चार दिवसांनी पुन्हा का उगवलं हे शोधण्यात. माझ्याकडे ओळखीचे जे लोक लॅपटॉप घेऊन येतात त्यांची तक्रार सहसा ‘असं काहीतरी आलंय’ अशी नसते, ‘परत आलंय’ अशी असते. मधल्या काळात अनेकांनी दुकानात पैसे मोजून विंडोज फॉरमॅट करून घेतलेलं असतं, आणि तरी ते आलेलं असतं. फॉरमॅट करून का जात नाही, तेही पुढे सांगतो.

आधी समोरचं पान घालवू

पानावर कुठेही क्लिक करू नका. ‘क्लोज’ नको, ‘कॅन्सल’ नको, कोपऱ्यातली फुली तर नकोच. ब्राउझर कुठल्याही साइटला आपणहून फुलस्क्रीन होऊ देत नाही, त्यासाठी माणसाने पानावर काहीतरी दाबावं लागतं. म्हणूनच ही पानं आधी एक खोटी चौकट दाखवतात आणि तिला छान फुली काढून देतात. तुम्ही ती दाबली की पान अख्खा पडदा व्यापतं, आवाज सुरू होतो, बाण लपवला जातो. वरच्या पट्टीत जो सरकारी पत्ता आणि कुलपाचं चिन्ह दिसतं ते निव्वळ चित्र असतं. ब्राउझरची खरी पट्टी फुलस्क्रीनमुळे त्या वेळी दिसतच नसते.

एस्केपवर नुसती टिचकी मारू नका, ती कळ दोन-तीन सेकंद दाबून धरा. क्रोम आणि एजमध्ये फुलस्क्रीन पानाला कीबोर्डच्या बऱ्याच कळा स्वतःकडे वळवून घेता येतात, त्यात एस्केपही येते. गेम खेळणाऱ्यांसाठी केलेली ही सोय चोरांनीही वापरली. पण दाबून धरलेली एस्केप ब्राउझरने स्वतःसाठी राखून ठेवली आहे, ती पानाला अडवता येत नाही. फुलस्क्रीन सुटला की टॅबची खरी फुली दिसते.

तेवढ्याने नाही झालं तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबा. या तीन कळा थेट विंडोजकडे जातात, ब्राउझरपर्यंत पोचतच नाहीत. त्यातून टास्क मॅनेजर उघडा, यादीत क्रोम, एज किंवा फायरफॉक्स जे असेल ते निवडा आणि ‘एंड टास्क’ करा. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि एस्केप दाबलं की ‘फोर्स क्विट’ची यादी येते. घरात एकट्याच असलेल्या आईला किंवा आजोबांना फोनवर हे सगळं सांगणं जमत नसेल तर सरळ सांगा की लॅपटॉपचं पॉवरचं बटण दिवा जाईपर्यंत दाबून धरा. जतन न केलेलं काम जाईल, बाकी काही बिघडणार नाही. ‘संगणक बंद केलात तर डेटा जाईल’ ही त्या पानावरची ओळ एवढ्याचसाठी असते की तुम्ही ते बटण दाबू नये.

आता ब्राउझर पुन्हा उघडताना पहिली ठेच लागते. क्रोम विचारतो, ‘रिस्टोअर पेजेस?’ सवयीने हो म्हटलं की तेच पान समोर. त्या प्रश्नाची चौकट बंद करा. काहींच्या सेटिंगमध्ये मागच्या वेळचे टॅब आपोआप उघडायचा पर्याय, ‘कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ’, चालू असतो. मग तो विचारतही नाही. अशा वेळी आधी वायफाय बंद करा, मग ब्राउझर उघडा. नेट नसल्यामुळे पान उघडत नाही, रिकामा टॅब मुकाट बंद करता येतो. त्यानंतर वायफाय चालू करा. मॅकवर सफारी उघडताना शिफ्ट दाबून धरलं तर जुन्या खिडक्या परत येत नाहीत. ‘परत आलंय’ म्हणणाऱ्यांपैकी काहींचा आजार एवढाच असतो.

खरं रॅन्समवेअर नाही ना?

ही शंका रास्त आहे, कारण खरं रॅन्समवेअर, म्हणजे फायली खरोखर कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, हेही असतंच. मे २०१७ मधल्या वॉनाक्रायने जगभरची मशीनं खरोखर बंद पाडली होती. ओळखायची खूण मात्र सोपी आहे. ब्राउझर बंद केल्यावर डी ड्राइव्हमधले दोन-चार फोटो, एखादी वर्डची फाइल, एखादी पीडीएफ उघडून पाहा. खऱ्या रॅन्समवेअरने फायली आतून बदललेल्या असतात. त्या उघडत नाहीत, त्यांच्या नावापुढे नवीनच शेपूट लागलेलं असतं आणि बहुतेक फोल्डरांत पैसे कसे भरायचे ते सांगणारी चिठ्ठी पडलेली असते. ब्राउझर बंद केला किंवा मशीन परत चालू केलं तरी त्यात फरक पडत नाही. सगळ्या फायली उघडत असतील आणि ब्राउझर बंद होताच धमकीही गेली असेल, तर ते पानच होतं. फायली खरोखर उघडत नसतील तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. ते मशीन नेटपासून तोडा, पैसे भरू नका आणि ‘नो मोअर रॅन्सम’ हा प्रकल्प पाहा. युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांसोबत २०१६ मध्ये तो सुरू केला असून काही प्रकारांच्या चाव्या तिथे फुकट मिळतात.

पानावर तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या कनेक्शनचा क्रमांक), शहर आणि इंटरनेट कंपनीचं नाव लिहिलेलं असतं, आणि लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते त्याला. ही माहिती उघडलेल्या प्रत्येक साइटला मिळते. शहराचं नाव बघा, पुष्कळदा ते चुकलेलं असतं. माणूस साताऱ्यात बसलेला आणि पानावर मुंबई, कारण इंटरनेट कंपनीचे आयपी मुंबईच्या नावावर नोंदलेले. ‘सी ड्राइव्ह तपासत आहे, ४७ टक्के’ हेही चलच्चित्र आहे. वेबपानाला तुमच्या परवानगीशिवाय डिस्कवरच्या फायली वाचता येत नाहीत. हेच पान अँड्रॉइड फोनवर उघडलं तर तिथेही सी ड्राइव्ह तपासल्याचं दाखवतं, आणि फोनला सी ड्राइव्ह नसतोच.

दंडाचं म्हणाल, तर ब्राउझर अडवून कार्डावरून दंड वसूल करायची पद्धत भारतात कुठल्याही पोलीस खात्याकडे नाही, मंत्रालयाकडे नाही आणि न्यायालयाकडेही नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीही नसतो.

यावर हसून सोडून देता येत नाही, त्याचं कारण एकच. सप्टेंबर २०२३ मध्ये केरळातल्या कोळिकोडला एका सोळा वर्षांच्या मुलाने एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या) नावाने लॅपटॉपवर आलेली अशीच दंडाची मागणी खरी मानली आणि जीव दिला. ही पानं पैशांपेक्षा आधी लाजेवर नेम धरतात. ‘अश्लील मजकूर पाहिला’ हे वाक्य वाचून मुलगा आईवडिलांना सांगत नाही आणि वडीलही मुलाला सांगत नाहीत. घरात किशोरवयीन मुलं लॅपटॉप वापरत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की असं पान कुणालाही येतं. ते क्रिकेटचा स्कोअर पाहतानाही येतं, आलं तर मला हाक मार, तू काय बघत होतास ते मी विचारणार नाही. आणि खरंच विचारू नका. कुणी जास्तच हादरलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

परत का येतं: ‘केव्हा येतं’ हे आधी लिहून काढा

सगळं पुसून टाकण्याआधी एक-दोन दिवस नुसतं लक्ष ठेवा. पान नेमकं केव्हा आलं, त्याआधी तुम्ही काय उघडलं होतं, ब्राउझर चालू होता की बंद. इतक्या माहितीवर निम्मं निदान होतं. त्याशिवाय साफसफाई करणाऱ्याचं बहुधा दुखतं एक आणि औषध भलत्यालाच होतं.

*ठरावीक साइटवर गेल्यावरच येतं.* फुकट क्रिकेट, नुकताच लागलेला चित्रपट, मालिकांचे भाग, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, कुठल्यातरी परीक्षेची उत्तरसूची पीडीएफमध्ये. या साइटी ज्या जाहिरात दलालांकडून जाहिराती घेतात, त्यांच्या साखळीत कुठेतरी हे पान बसवलेलं असतं. तुमच्या मशीनमध्ये काहीही नसतं, त्यामुळे अँटिव्हायरसला काही सापडतही नाही. इथे एक गोष्ट लोकांना फार चक्रावते. काका सांगतात की या लिंकवर ते आलं, पुतण्या तीच लिंक उघडतो आणि त्याला साधी जाहिरात दिसते. मग काकांनाच काहीतरी भास झाला असं ठरतं. भास नसतो. साखळीतली यंत्रणा आयपी, उपकरण, वेळ आणि कुकीज (साइटींनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा) पाहून कुणाला काय दाखवायचं ते ठरवते, आणि एकदा दाखवलेल्याला पुष्कळदा लगेच परत दाखवत नाही, म्हणजे तपास करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. उपाय साइट बदलण्याचा आणि जाहिरात रोखणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, बसवण्याचा. यूब्लॉक ओरिजिन लाइट पुरेसं आहे.

शोधाच्या निकालातल्या जाहिरातींनाही याच गटात धरा. प्रिंटरचा किंवा बँकेचा मदत क्रमांक गूगलवर शोधायचा आणि पहिल्या ‘स्पॉन्सर्ड’ लिंकवर जायचं, हा हमखास खड्ड्यात जायचा रस्ता आहे.

*काहीही उघडलेलं नसताना उजव्या कोपऱ्यात चौकट येते.* ‘पाच व्हायरस सापडले’, ‘तुमचं मॅकअफी संपलं’, ‘फायली धोक्यात’, आणि तिच्यावर क्लिक केलं की ते मोठं पान. हा नोटिफिकेशनच्या परवानगीचा खेळ आहे आणि माझ्या अंदाजाने ‘परत येतंय’ या तक्रारींचं सगळ्यात मोठं कारण हेच. कधीतरी एखाद्या साइटने ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा’ असं सांगितलं आणि ते दाबलं गेलं. अलाउचा रोबोशी संबंध नव्हता, ती सूचना पाठवायची परवानगी होती. तेव्हापासून ती साइट विंडोजच्याच साच्यातल्या चौकटी पाठवत राहते. चौकट नीट पाहिलीत तर बारीक अक्षरांत ब्राउझरचं आणि एखाद्या विचित्र साइटचं नाव असतं. खरं अँटिव्हायरस स्वतःच्या नावाने बोलतं, ब्राउझरच्या नाही.

क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’ या वाटेने जा. खाली ‘अलाउड’ची यादी आहे. तिच्यात ओळखीची नसलेली प्रत्येक साइट काढा. माझं मत विचाराल तर मेल आणि कॅलेंडर सोडून सगळ्याच काढा. वर्तमानपत्राच्या साइटने दिवसभर कोपऱ्यात टकटक करायची काही गरज नसते. मग वरचा पर्याय ‘साइट्सना परवानगी मागू देऊ नका’ यावर ठेवा. एजमध्ये हीच यादी सेटिंग्जमध्ये साइटच्या परवानग्यांखाली सापडते, फायरफॉक्समध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’च्या ‘परमिशन्स’मध्ये. ब्राउझर बंद असतानाही चौकटी येत असतील तर क्रोमच्या ‘सिस्टिम’ भागातलं ‘बंद केल्यावरही बॅकग्राउंड ॲप चालू ठेवा’ हेही बंद करा.

*ब्राउझर उघडल्याबरोबर येतं, किंवा कुठल्याही साइटवर येतं.* इथे एक्स्टेन्शन किंवा सुरुवातीचं पान पाहायचं. एक्स्टेन्शनच्या यादीत ‘पीडीएफ कन्व्हर्टर’, ‘व्हिडिओ डाउनलोडर’, ‘कूपन’ असली मंडळी असतील तर आधी ती काढा. एखादं निर्दोष वाटत असेल तरी काढून दोन दिवस पाहा, नंतर परत बसवता येतं. ‘ऑन स्टार्टअप’मध्ये कुठल्या साइटचा पत्ता घातलेला आहे का ते पाहा. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. ‘टार्गेट’ची ओळ क्रोमच्या फाइलच्या नावाशी संपायला हवी. त्यापुढे वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर चोर सापडला. तेवढा भाग खोडा, किंवा शॉर्टकट काढून नवीन करा.

फॉरमॅटचं उत्तर इथेच आहे. विंडोज नव्याने टाकलं, क्रोम बसवला, गूगल खात्याने साइन इन केलं की सिंक, म्हणजे खात्यात साठवलेल्या सेटिंग मशीनवर आणणं, सुरू होतो. तुमच्या बुकमार्कांबरोबर तेच एक्स्टेन्शन आणि तेच सुरुवातीचं पान मशीनवर परत उतरतं. म्हणून एक्स्टेन्शन काढायचं ते सिंक चालू असताना काढा, म्हणजे खात्यातूनही जातं, आणि त्याच खात्याने चालणारी घरातली बाकीची मशीनंही तपासा. फॉरमॅट हा या तक्रारीवरचा उपाय नाही. खरा उपाय क्रोमच्या सेटिंग्जमधलं ‘रीसेट’ आहे. त्याने एक्स्टेन्शनं बंद होतात, सुरुवातीचं पान आणि शोधयंत्र मूळपदावर येतं, कुकीज जातात. बुकमार्क, इतिहास आणि साठवलेले पासवर्ड राहतात. फुकट आहे आणि अर्ध्या मिनिटात होतं.

एक्स्टेन्शन काढायचं बटणच दिसत नसेल आणि मेनूच्या तळाशी ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ असं येत असेल तर थोडं थांबा. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे योग्यच आहे, तिथे आयटीवाल्यांना सांगा. घरच्या मशीनवर मात्र कुठल्यातरी प्रोग्रॅमने ब्राउझरवर नियम लादलेले आहेत असा त्याचा अर्थ होतो. काही अँटिव्हायरसही असा नियम घालतात, त्यामुळे हे वाक्य दिसताच घाबरायचं कारण नाही. पण अनोळखी एक्स्टेन्शन त्याच नियमाने बसवलेलं असेल तर मशीनमध्ये ॲडवेअर, म्हणजे जबरदस्तीने जाहिराती दाखवणारा प्रोग्रॅम, आहे. मग पुढचा गट वाचा.

*ब्राउझर बंद असताना आपोआप उघडून येतो, पुष्कळदा ठरावीक अंतराने.* कोपऱ्यातली चौकट नाही, अख्खा ब्राउझरच उघडतो. इथे मशीनवर खरोखर काहीतरी बसलेलं आहे. ते बहुतेक वेळा क्रॅक किंवा फुकट डाउनलोडरबरोबर आलेलं असतं. ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ तारखेप्रमाणे लावा आणि त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेलं काय आहे ते पाहा. टास्क शेड्यूलरमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप कामं सुरू करणारी विंडोजची सोय) एखादं काम ब्राउझरच्या नावापुढे वेबसाइटचा पत्ता देऊन लावलेलं असतं, ते काढा. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ यादीतही डोकवा. मालवेअरबाइट्सचं ॲडवक्लीनर फुकट आहे आणि या जातीच्या कचऱ्यावर चांगलं चालतं. मग विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडरचा ‘ऑफलाइन स्कॅन’ लावा. मशीन बंद होऊन विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच तपासणी होते, पंधरा मिनिटं लागतात. ज्या क्रॅकमधून हे आलं ते सॉफ्टवेअर काढलं नाही तर बाकी मेहनत वाया जाईल. खरं रॅन्समवेअर घरगुती मशीनवर येतं तेही बऱ्याचदा याच दाराने.

*घरातल्या सगळ्या फोनवर, लॅपटॉपवर, टीव्हीवरही येतं.* मोबाइल डेटावर येत नसेल आणि वायफायवरच येत असेल तर संशय राउटरवर. त्याचं डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, कुणीतरी बदललेलं असू शकतं. स्थानिक नेटवाले राउटर लावून जातात तेव्हा पासवर्ड ‘ॲडमिन’च ठेवतात, म्हणून हे शक्य होतं. राउटर फॅक्टरी रीसेट करा, ॲडमिनचा पासवर्ड बदला, फर्मवेअर (राउटरमधलं मूळ सॉफ्टवेअर) नवीन करा. रीसेट करण्याआधी नेटवाल्याकडून कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड विचारून घ्या, नाहीतर रविवारभर घर बिननेटचं राहील. हा प्रकार क्वचित दिसतो, सगळ्यात शेवटी तपासा.

फोनवर

अँड्रॉइडवर क्रोममध्ये पान अडकलं तर ॲप्सची यादी दाखवणारं बटण दाबून क्रोम वर सरकवून टाका. परत तेच उघडत असेल तर विमान मोड लावा, क्रोम उघडा, टॅबच्या चौकोनातून तो टॅब बंद करा. नोटिफिकेशनच्या रूपात येत असेल तर ती बोटाने दाबून धरा. कुठल्या ॲपची आणि कुठल्या साइटची ते दिसतं, तिथूनच बंद करता येते.

ब्राउझर उघडलेला नसताना अख्खा पडदा व्यापणारी जाहिरात येत असेल तर ती एखाद्या ॲपची आहे. ती समोर असतानाच ॲप्सच्या यादीचं बटण दाबा, कुणाचं चिन्ह दिसतं ते पाहा. टॉर्च, क्लीनर, क्यूआर स्कॅनर, कुंडली, फोटोला फ्रेम लावणारी ॲप्स हे नेहमीचे संशयित. काहींना नाव किंवा चिन्हच नसतं, ती रिकामी जागाच त्यांची खूण. ‘डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स’ची परवानगी कुणाकुणाला आहे ते सेटिंग्जमध्ये पाहा. सॅमसंगवर तिचं नाव ‘अपिअर ऑन टॉप’ आहे. अनइन्स्टॉल होत नसेल तर ॲपने स्वतःला डिव्हाइस ॲडमिन केलेलं असतं, म्हणजे फोनवर जादा अधिकार घेतलेले असतात. आधी ते काढून घ्या, मग ॲप निघतं.

आयफोनवर सफारीचं पान एकेकाळी फार चिकट असायचं. चौकट बंद केली की पुन्हा उघडायची आणि अख्खी सफारीच अडकायची. लुकआउट या सुरक्षा कंपनीने हे उघड केलं आणि मार्च २०१७ मध्ये आयओएस १०.३ मध्ये ॲपलने अशा चौकटी त्या एका टॅबपुरत्या केल्या. आता टॅब बंद केला की संपतं. ‘तुमचा आयफोन हॅक झाला’ असं कॅलेंडरमध्ये येत असेल तर चुकून कुणाच्या तरी कॅलेंडरचं सदस्यत्व घेतलं गेलं आहे. कॅलेंडर ॲपमध्ये खालच्या ‘कॅलेंडर्स’मधून ते काढा.

नंबर फिरवला असेल, किंवा कार्ड भरलं असेल

निळ्या पडद्यावरचा नंबर फिरवणाऱ्याला पलीकडचा माणूस एनीडेस्क, अल्ट्राव्ह्यूअर, स्क्रीनकनेक्ट यांपैकी, दुरून मशीन चालवता येईल असं काहीतरी बसवायला लावतो. मग विंडोजचा ‘इव्हेंट व्ह्यूअर’, म्हणजे मशीनमधल्या घडामोडींची नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणा दाखवतो आणि त्यांना व्हायरस म्हणतो. प्रत्येक धडधाकट मशीनमध्ये त्या शेकड्यांनी असतात. पूर्वी हीच मंडळी पैसे मिळाले नाहीत तर ‘सिसकी’ नावाच्या विंडोजच्याच सोयीने मशीनला खरोखर पासवर्ड घालून ठेवायची, म्हणजे खोट्या कुलपाचं खरं कुलूप. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ती सोयच काढून टाकली. यातली बरीच कॉल सेंटरं आपल्याच देशातून चालतात, हे सांगायला बरं वाटत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ मध्ये छापे घातले, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून नोंदवलेली अशी प्रकरणं होती.

रिमोटने कुणी मशीनमध्ये शिरलं असेल तर आधी नेट तोडा. ते सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करा. स्क्रीनकनेक्ट यादीत नावापुढे कंसातल्या अगम्य अक्षरांसह दिसतं, ते सुटू देऊ नका. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, त्या मशीनवरून नाही. इथे मात्र फॉरमॅट करणं योग्य आहे, कारण तासभर मशीन परक्याच्या ताब्यात होतं.

कार्डाचा तपशील भरला असेल किंवा पैसे गेले असतील तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला कळवून कार्ड बंद करा आणि लगेच १९३० लावा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी अडवता यावेत म्हणून ती आहे, त्यामुळे तासांचा नाही, मिनिटांचा हिशोब धरा. ‘आधी घरच्यांशी बोलतो, मग बघू’ यात पैसे जातात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतःच्या निष्काळजीपणाने तपशील दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर करता येते. सोबत पडद्याचा दुसऱ्या फोनने काढलेला फोटो, पानाचा खरा पत्ता, व्यवहाराचा क्रमांक आणि बँकेचा एसएमएस जोडा. पत्ता ब्राउझरच्या इतिहासातून मिळतो, म्हणून साफसफाईच्या नादात इतिहास आधी पुसू नका. भोंदू ओळख दाखवून संगणकाच्या साधनाने फसवणूक हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ डी कलमाखालचा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पोलीस ठाण्यात ‘पैसे गेले नाहीत ना, मग कशाला’ असं ऐकावं लागलं तर हे कलम माहीत असलेलं बरं.

पुढच्या वेळेसाठी दोन सेटिंग

एजमध्ये मायक्रोसॉफ्टने २०२५ पासून ‘स्केअरवेअर ब्लॉकर’ आणला आहे. पान अख्खा पडदा बळकावायला लागलं की तो मशीनवरच ते तपासतो, फुलस्क्रीन सोडवतो आणि आवाज बंद करतो. सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या भागात चालू आहे ना ते पाहा. क्रोममध्ये ‘सेफ ब्राउझिंग’ची ‘एन्हान्स्ड प्रोटेक्शन’ ही पातळी निवडा. मे २०२५ मध्ये गूगलने जाहीर केल्याप्रमाणे तीत अशी तंत्रसाहाय्याची नाटकी पानं ओळखायला मशीनवरचंच एआय मॉडेल वापरलं जातं. या पातळीवर तुम्ही उघडलेल्या पानांची थोडी अधिक माहिती गूगलकडे जाते. ज्यांना ते खटकतं त्यांनी नेहमीच्या पातळीवर राहावं. पण आईवडिलांच्या लॅपटॉपवर मी ती न विचारता चालू करतो. त्याच वेळी त्यांच्या विंडोजच्या खात्याचे ॲडमिन अधिकारही काढून साधं खातं करून ठेवतो, म्हणजे रिमोटचं सॉफ्टवेअर बसवताना विंडोज पुष्कळदा पासवर्ड मागतं आणि तो विचारायला त्यांचा फोन आधी मला येतो.